शिमाबाराचा पांढरा किल्ला

किल्ला हा शब्द कानी पडला की वसईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर पडक्या भिंती उभ्या राहतात. आमच्या किल्ल्याला तट आहेत, बुरूज आहेत. पण आतल्या वास्तूंना छप्पर नाही. चर्चच्या कमानींवर आकाश आहे आणि फरसबंदीच्या फटींतून गवत. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर इथल्या काही घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. लहानपणी संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला आम्ही मुले वडीलधाऱ्यांबरोबर किल्ल्यात जात असू. मिस्सा आटोपली की मोठी माणसे सावलीत बसून न्याहारी करीत आणि आम्ही पडक्या जिन्यांवरून धावत असू. भग्न असणे हाच किल्ल्याचा स्वभाव, अशी त्या वयात माझी समजूत झाली होती.

यंदाच्या फेब्रुवारीत मी जपानमध्ये एक किल्ला पाहिला. त्याला छप्पर आहे, पाच मजले आहेत, पांढऱ्याशुभ्र भिंती आहेत, स्वच्छ अंगण आहे. आणि तरीही वसईच्या पडक्या किल्ल्यातून मी कधी परतलो नव्हतो इतका अस्वस्थ होऊन तेथून परतलो. त्या दिवसाविषयी लिहावे की न लिहावे, या विचारात तीन महिने गेले. प्रवासवर्णन म्हणून लेखणी उचलावी, तर ती पापनिवेदनाकडे वळू लागते. शेवटी वळते तिकडे वळू द्यावी असे ठरविले.

नागासाकीला आम्ही गेलो होतो ते गोन्सालो गार्सियांसाठी. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला हा मुलगा येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तेथली भाषा शिकला, काही काळ व्यापारी झाला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत हा आमचा वसईकर होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. टेकडीवर आज त्यांचे स्मारक आहे. एका लांब दगडी भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या आकृती ओळीने उभ्या आहेत. त्यांची पावले जमिनीवर टेकलेली नाहीत, खाली झुकलेली आहेत. जणू त्यांना कुणी अलगद वर उचलून घेत आहे. आमच्या गटातील बायकांनी वसईहून नेलेला मोगऱ्याचा गजरा प्रवासात सुकून गेला होता. तो त्यांनी तसाच पायथ्याशी वाहिला आणि लदीन म्हटली. थंडीने सर्वांचे आवाज थरथरत होते.

दुसरा दिवस मोकळा होता. मंडळी शहरात फिरायला गेली आणि मी एकटाच शिमाबाराच्या वाटेला लागलो. त्याला कारण होते पुण्याच्या सेमिनरीतील एक तास. ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविणाऱ्या आमच्या प्राध्यापकांनी शिमाबाराचा उठाव चारच वाक्यांत संपविला होता. १६३७ साली तेथील ख्रिस्ती शेतकरी कर आणि छळ यांना कंटाळून उठले, सुमारे सदतीस हजार माणसे एका किल्ल्यात कोंडली गेली, पुढच्या वर्षी ती मारली गेली, आणि जपानची दारे परदेशीयांना जवळजवळ बंद झाली. माझ्या शेजारच्या विद्यार्थ्याने विचारले होते, "फादर, मग हे रक्तसाक्षी का नाहीत?" उत्तर मिळाले, "कारण त्यांनी शस्त्र उचलले." आम्ही ते वहीत लिहून घेतले. परीक्षेत तो प्रश्न आला आणि मला त्यात चांगले गुण मिळाले. तीस वर्षांहून अधिक काळ ते उत्तर माझ्यापाशी होते. कधी उघडून पाहण्याची वेळ आली नव्हती.

नागासाकीहून इसाहायापर्यंत मोठी गाडी आणि तेथून पुढे शिमाबारा रेल्वेची पिवळी, एकाच डब्याची गाडी. डब्यात शाळेची चार मुले, पिशव्या घेतलेल्या दोन वृद्धा आणि मी. गाडी भाताच्या रिकाम्या शेतांतून आणि कोबीच्या हिरव्या वाफ्यांतून रमतगमत जात होती. डाव्या हाताला आरिआकेचा उथळ समुद्र, उजवीकडे उन्झेनचे डोंगर. ओमिसाकी नावाचे एक स्थानक तर इतके समुद्रालगत आहे की फलाटाच्या कडेला थेट पाणीच लागते. तेथे कठड्यापाशी पिवळे रुमाल बांधलेले होते आणि त्यांवर लोकांनी आपापल्या इच्छा लिहिल्या होत्या. वेलंकणीला जाणाऱ्या आपल्या माणसांना तो देखावा परका वाटला नसता.

शिमाबारा हे झऱ्यांचे गाव आहे. डोंगरात मुरलेले पाणी गावभर उमलून वर येते. रस्त्याकडेच्या पन्हळींतून ते वाहते आणि काही गल्ल्यांतल्या पाण्यात रंगीत कोई मासे पोहत असतात. सामुराईंच्या जुन्या वस्तीत रस्त्याच्या मध्यातून दगडी पाट गेला आहे. पूर्वी तेच पिण्याचे पाणी होते. स्थानकातून बाहेर पडून वर पाहिले की सरळ समोर किल्ला.

कामाचा दिवस होता, त्यातून थंडी. प्रवासी जवळजवळ नव्हतेच. रुंद खंदकाच्या एका भागात गेल्या मोसमातील कमळांचे वाळलेले देठ वाकून उभे होते. खंदकापलीकडे काळसर दगडांचा उंच तट. एकावर एक बसविलेले दगड वर जाताना किंचित आत वळत गेलेले. त्यावर पाच मजल्यांचा तो मुख्य मनोरा, निळ्या आकाशात घडी करून ठेवलेल्या धुतल्या वस्त्रासारखा. अंगणात उमेची झाडे फुलली होती. पाने एकही नाही, केवळ फुले. आणि इतकी शांतता की पाकळी पडलेली ऐकू यावी. एक म्हातारे गृहस्थ बांबूच्या झाडूने वाट झाडत होते. ते थांबले, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा झाडू लागले. किती सुंदर, मी मनात म्हणालो. हा उद्गार मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे मला त्याची लाज वाटली.

मनोऱ्याच्या दारातून आत पाऊल टाकताच कळते की आपण जुन्या वास्तूत नाही. जिने सिमेंटचे आहेत. मेइजी राजवट आल्यावर सरंजामदारांची सत्ता गेली, त्यांचे किल्ले निरुपयोगी ठरले आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत इथल्या इमारती मोडून टाकण्यात आल्या. तट आणि खंदक तेवढे उरले. आज दिसतो तो मनोरा १९६४ साली काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेला आहे; कोपऱ्यांवरचे बुरूजही त्याच काळात टप्प्याटप्प्याने उभे राहिले. त्यांपैकी एका बुरुजात शिल्पकार कितामुरा सेइबो यांच्या कलाकृती आहेत. नागासाकीच्या शांतिउद्यानातील तो प्रचंड पुतळा, एक हात आभाळाकडे आणि दुसरा आडवा धरलेला, यांनीच घडविलेला. ते याच द्वीपकल्पात जन्मले.

मनोऱ्यात ख्रिस्ती इतिहासाचे संग्रहालय आहे. अरिमा हे येथील पूर्वीचे सरदार घराणे; त्यातील हारुनोबू याने १५८० साली बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी अरिमा येथे येशूसंघीयांनी मुलांसाठी सेमिनरी उघडली. तेथली चार मुले १५८२ साली युरोपला निघाली, पोपमहोदयांना भेटली आणि १५९० साली परतली. जातायेता त्यांचा मुक्काम आपल्या गोव्यातही झाला होता. लॅटिन व्याकरण घोकणाऱ्या त्या जपानी मुलांचा विचार करताना मला पुण्यातील आमची थंड पहाट आठवली. पण एका पिढीत सारे उलटले. काचेआड मारिया कान्नोनच्या लहानशा मूर्ती होत्या. दिसायला बौद्धांची करुणादेवी, पण छपून प्रार्थना करणाऱ्यांच्या मनात पवित्र मरिया. शेजारी फुमिए, म्हणजे येशूचे किंवा मातेचे चित्र कोरलेली पाटी. तिच्यावर पाय देऊन आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायचे, आणि पाय अडखळला की संपले. अशा पाट्यांवरील चेहरे पुष्कळ पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले असतात.

यातले बरेचसे मला पुस्तकांतून ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती एक साधी गोष्ट, आणि ती या किल्ल्याविषयीच होती.

अरिमांची बदली झाल्यावर १६१६ साली मात्सुकुरा शिगेमासा या सरदाराला हा मुलूख मिळाला. १६१८ साली त्याने नवा किल्ला बांधायला घेतला. काम सुमारे सात वर्षे चालले. जपानात सरदाराची योग्यता कोकूत मोजीत. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. मात्सुकुराची जहागीर होती चाळीस हजार कोकूंची, आणि त्याने बांधला तो किल्ला त्याच्याहून कितीतरी मोठ्या सरदाराला शोभेल असा. हे अंतर भरून कोणी काढायचे? शेतकऱ्यांनी. भातावर कर होता तसा इतर पिकांवरही आला. जन्मावर आणि मरणावरही कर होता असे सांगतात. जे देऊ शकत नसत त्यांना गवती इरले पांघरवून, हात मागे बांधून, ते इरले पेटवून दिले जाई. वेदनेने तडफडणाऱ्या त्या माणसांच्या हालचालींना 'इरल्याचा नाच' असे नाव होते. ख्रिस्ती माणसांसाठी उन्झेनच्या उकळत्या झऱ्यांची आणखी एक शिक्षा होती. १६२७ साली तेथे प्राण दिलेले पावलो उचिबोरी आणि त्यांचे सोबती यांना २००८ साली नागासाकीत धन्यवादित घोषित करण्यात आले.

शिगेमासा १६३० साली मेला. त्याचा मुलगा कात्सुइए बापाच्याही पुढे गेला. १६३७ च्या डिसेंबरात गावे उठली. शेतकऱ्यांनी प्रथम या किल्ल्यावरच चाल केली, पण तो त्यांना घेता आला नाही; त्यांच्याच घामातून उभ्या राहिलेल्या भिंतींनी त्यांना अडविले. मग समुद्राकडेच्या हारा नावाच्या सोडून दिलेल्या किल्ल्यात ते बायकामुलांसह शिरले. त्यांचा पुढारी आमाकुसा शिरो हा सोळा वर्षांचा मुलगा होता. त्यांच्या ध्वजावर दोन देवदूत पवित्र साक्रामेंताची आराधना करताना दाखविले आहेत आणि वर पोर्तुगीज भाषेत त्याच साक्रामेंताची स्तुती आहे. त्यांच्या विरुद्ध सव्वा लाखाच्या आसपास फौज आली. शोगुनाच्या सांगण्यावरून एका डच जहाजाने समुद्रातून तोफा डागल्या. ख्रिस्ती माणसांवर ख्रिस्ती माणसांनीच. १६३८ च्या एप्रिलमध्ये हारा पडला. आतली जवळजवळ सारी माणसे मारली गेली. त्यानंतर शोगुनाने कात्सुइएलाही सोडले नाही. सन्मानाने स्वतःचे पोट चिरण्याची मुभाही न देता त्याचा शिरच्छेद करण्यात आला; त्या अडीच शतकांच्या काळात सरदाराला अशी शिक्षा झाल्याचे हे एकच उदाहरण सांगतात. ज्यांनी बंड मोडले त्यांनाही कबूल करावे लागले की या माणसांना बंडापर्यंत कुणीतरी ढकलले होते.

चाळीस हजारांची जहागीर आणि तिला न पेलणारा मनोरा! तो मजकूर वाचून मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. मला शिमाबारा दिसत नव्हते. मला माझे एक जुने धर्मग्राम दिसत होते.

२००९ साली मी तेथे प्रमुख धर्मगुरू होतो. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, अंगात उत्साह दांडगा. चर्चला शतक पूर्ण होणार होते. छप्पर गळत होते, ते दुरुस्त करणे भागच होते. पण छपराबरोबर मी घंटाघरही काढले. शेजारच्या धर्मग्रामातील मनोऱ्याहून ते उंच असावे, ही इच्छा मी कुणाजवळ बोललो नाही, आराखडा काढणाऱ्याला मात्र ती बरोबर समजली. खर्च वाढला. पाळकीय मंडळात ठरले की दर कुटुंबामागे दहा हजार रुपये घ्यावेत. कुणी सक्ती हा शब्द उच्चारला नाही. फक्त दर महिन्याला दिलेल्यांची नावे फलकावर लागू लागली. आणि कार्यालयात कुणी बाप्तिस्म्याचा किंवा लग्नाचा दाखला मागायला आले की वही उघडली जाऊ लागली. वही उघडायला मीच सांगितले होते.

त्या गावात एक विधवा होती. पहाटेच्या लोकलने भाजी आणि फुले घेऊन ती दादरला जाई. तिच्या मुलीचे लग्न ठरले आणि ती दाखल्यासाठी आली. वहीत तिच्या नावापुढे जागा कोरी होती. लिपिकाने तिला ते सांगितले. मी आतल्या खोलीत होतो. मला ऐकू येत होते. आठ दिवसांनी ती सगळे पैसे एकदम घेऊन आली आणि म्हणाली, "फादर, आमचं राहिलं होतं, ते आता फिटलं." मला इतका आनंद झाला की पुढच्या रविवारी प्रवचनात मी तिचे उदाहरण दिले. विधवेच्या दोन दमड्यांचा शुभवर्तमानातील प्रसंग मी रंगवून सांगितला आणि तिच्याकडे पाहून म्हणालो की ती विधवा आज आपल्यात बसली आहे. लोक माना वळवून तिच्याकडे पाहू लागले. ती खाली पाहत होती. मी तो विनय समजलो.

त्यानंतर ती आमच्या चर्चमध्ये फारशी दिसली नाही. लग्न झाले, मी बदलून दुसरीकडे गेलो. पुढे कित्येक वर्षांनी तिच्या अंत्यविधीला गेलो असता तिची मुलगी बोलता बोलता सांगून गेली की त्या पैशांसाठी आईने हातातल्या दोन पाटल्या गहाण टाकल्या होत्या आणि त्या कधी सुटल्या नाहीत. त्यानंतर ती रविवारी पलीकडच्या गावी मिस्सेला जात असे. "आपल्या चर्चमध्ये सगळे बघतात असं तिला वाटायचं," एवढेच मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. आरोप असता तर मला काही उत्तर तरी देता आले असते.

सेमिनरीत आम्ही शुभवर्तमान मूळ ग्रीकमधून वाचायला शिकलो होतो. मार्कलिखित शुभवर्तमानाचा बारावा अध्याय मी किती वेळा शिकविला असेन! विधवेच्या दानाच्या अगदी आधी येशू शास्त्रीलोकांविषयी काय बोलतो? लांब झगे घालून मिरवणारे, मानाची आसने शोधणारे आणि विधवांची घरे गिळणारे, असे तो त्यांचे वर्णन करतो. या दोन प्रसंगांत एका ओळीचेही अंतर नाही. मी प्रवचनात दुसरा वाचला आणि पहिला मी स्वतःच होतो. हे मला अंत्यविधीच्या दिवशी अंधुकपणे जाणवले होते; पण मी ते बाजूला सारले. चर्चचे काम आणि सरदाराचा किल्ला यांची बरोबरी कशी करता येईल, असे आजही कुणी म्हणेल. मीही स्वतःला तेच म्हणत आलो होतो. मात्सुकुराने माणसे जाळली. मी केवळ वही उघडली. पण न पेलणारा मनोरा आणि तो ज्यांच्या पाठीवर उभा राहतो ती माणसे, हा हिशेब दोन्हीकडे एकच आहे. मोठ्याने झालेल्या पापावरून बारीक आवाजात झालेले पाप ओळखता यावे, यासाठीच कदाचित देव आपल्याला दूरच्या देशी पाठवीत असावा.

मी वरच्या मजल्यावर गेलो. सज्जातून चहूकडचा मुलूख दिसतो. एका बाजूला आरिआकेचा समुद्र आणि पलीकडे कुमामोतोचे डोंगर. दुसऱ्या बाजूला गावावर वाकलेला मायुयामा. १७९२ साली या डोंगराची एक बाजू कोसळून समुद्रात गेली आणि उसळलेल्या लाटांनी दोन्ही किनाऱ्यांवर मिळून सुमारे पंधरा हजार माणसे नेली. त्यामागे उन्झेनचे नवे शिखर आहे. १९९० ते १९९५ या काळात ज्वालामुखी जागा राहिला. ३ जून १९९१ रोजी त्यातून निसटलेल्या तप्त लोटाने ४३ जणांचा बळी घेतला. अशा भूमीवर राहणारी माणसे पुन्हा पुन्हा घरे बांधतात. मोडलेले उभारण्याची त्यांना सवयच आहे. किल्ला पुन्हा उभारला यात म्हणूनच मला त्यांचा दोष दिसेना. शिवाय ज्याने छळले त्याच्याच मनोऱ्यात त्यांनी छळाची साक्ष मांडून ठेवली आहे. आपले घंटाघर बांधून झाल्यावर त्यात अशी एक खोली ठेवण्याचे धैर्य मला झाले असते का?

खाली उतरल्यावर दाराशी एक वयस्क मार्गदर्शक भेटले. माझ्या गळ्यातील क्रूस पाहून त्यांनी मोडक्या इंग्रजीत चौकशी केली. अडले की ते फोनमध्ये जपानी बोलत आणि फोन मला इंग्रजीत सांगे. भारतातून आलो म्हटल्यावर ते पुन्हा वाकले. ते बौद्ध होते. उठावानंतर या द्वीपकल्पाच्या दक्षिणेची गावे ओस पडली तेव्हा शोगुनाच्या आज्ञेने दुसरीकडून शेतकरी आणून वसविण्यात आले. शोदो बेटावरून आलेल्यांनी शेवयांचा धंदा येथे आणला असे म्हणतात, आणि शिमाबाराच्या बारीक शेवया आज प्रसिद्ध आहेत. मार्गदर्शकांचे पूर्वज त्या आलेल्यांपैकीच होते. "जमीन त्यांची आहे," ते म्हणाले, "आम्ही नंतर आलो." मग त्यांनी घड्याळ पाहिले आणि दुपारच्या बसची वेळ एका कागदावर लिहून दिली. "आपण हारा पाहिल्याशिवाय जाऊ नका. तिथे काही नाही. तरी जा."

बसला अवकाश होता, तेव्हा एका लहानशा खाणावळीत गुझोनी खाल्ली. मातीच्या भांड्यात चिकट तांदळाची मोची, भाज्या, कोंबडी, मासे असे हाती येईल ते घालून उकळलेला हा रस्सा. हारात कोंडलेल्या माणसांसाठी शिरोने जे मिळेल ते एकत्र करून प्रथम शिजविला, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, सदतीस हजारांची आठवण या गावाने ताटात ठेवली आहे.

बस समुद्राच्या कडेने तासाभराने हारा येथे पोहोचली. मार्गदर्शकांचे म्हणणे खरे होते. तेथे काही नाही. उठाव मोडल्यावर शोगुनाने उरलेसुरले तटही पाडून मातीखाली गाडले. याआधीच येथले पुष्कळ दगड शिमाबाराच्या किल्ल्यासाठी नेले होते असे सांगतात. आता समुद्रावर पुढे आलेले एक पठार, शेते, गवत, एक क्रूस आणि शिरोचा पुतळा. २०१८ साली या जागेची जागतिक वारशात नोंद झाली, तरी कुणी येथे मनोरा उभारलेला नाही. १९९० नंतरच्या उत्खननांत माणसांची हाडे सापडली आणि त्यांच्याबरोबर लहान लहान शिशाचे क्रूसही. ते बंदुकीच्या गोळ्या वितळवून केले असावेत असे मानतात. अंगावर येणाऱ्या शिशाचा क्रूस करणाऱ्या हातांत शस्त्रही होते. आमच्या वहीतील उत्तरात या दोन्ही गोष्टी मावत नव्हत्या.

मी ते उत्तर चूक म्हणत नाही. निशिझाकावर गोन्सालो गार्सियांनी शस्त्र न उचलता मरण स्वीकारले आणि ख्रिस्तसभा त्यांना वेदीवर ठेवते ते योग्यच आहे. परंतु वेदीवर ज्यांना जागा नाही त्यांना आपल्या प्रार्थनेतही जागा नसावी, असे कुठे सांगितले आहे? हाराच्या वाटेवर एक जिझोची दगडी मूर्ती आहे. १७६६ साली जवळच्या मंदिरातील एका बौद्ध भिक्षूने गावकऱ्यांच्या मदतीने शेतांत उघडी पडणारी हाडे गोळा केली आणि मृतांच्या शांतीसाठी ती मूर्ती बसविली. शत्रू कोण, मित्र कोण, हे त्याने विचारले नाही. तेव्हा ख्रिस्ती धर्मावर बंदी होती आणि पुढेही १८७३ पर्यंत ती राहिली. ज्यांच्यासाठी कुणी मिस्सा अर्पण करू शकत नव्हते, त्यांची हाडे एका परधर्मीय साधूने वेचली. मी त्या मूर्तीपुढे माळेची पाच दहके म्हटली. वारा समुद्राकडून येत होता. परतीची बस येईपर्यंत तेथे दुसरे कुणी आले नाही.

सध्याच्या धर्मग्रामातही घंटाघराचा आराखडा माझ्या मेजाच्या खणात होता. परतल्यावर पाळकीय मंडळाच्या बैठकीत मी तो बाहेर काढला आणि या दोन किल्ल्यांची हकिकत सांगितली, पाटल्यांचीही सांगितली. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "फादर, म्हणजे बांधायचंच नाही का?" मी म्हणालो, बांधू, पण घरटी आकडा नको, फलक नको, वही नको. बंद पाकिटात ज्याला जे टाकायचे ते टाकू दे. "मग दहा वर्षं लागतील," कुणीतरी म्हणाले. लागोत. तोवर घंटा चर्चच्या दाराशेजारी लोखंडी चौकटीत टांगली आहे. ती इतकी खाली आहे की धर्मशिक्षणाला येणारी मुले जाता जाता तिला हात लावतात, आणि अधूनमधून अवेळी टोल पडतो.

याने काही फिटले असे मी मानत नाही. त्या बाईंच्या पाटल्या सोनाराकडे केव्हाच वितळल्या असतील. त्यांनी दिलेल्या पैशांचा मनोरा त्यांच्या गावात अजून उभा आहे आणि लोक त्याचे कौतुक करतात. दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, मिस्सेत त्यांचे नाव मी मनातल्या मनात घेत आलो आहे. यंदा ते मोठ्याने घेईन. आणि त्यानंतर हारा येथील सदतीस हजारांसाठी, ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत, क्षणभर थांबेन.